करडई प्यायलेलं रबर

"काच खाली घ्या साहेब! काच, काच! आवो खाली, खाली!"

आष्टीच्या अलीकडच्या एका गावात, मे महिन्याच्या भर दुपारी, चेअरमनसाहेब जुन्या अँबेसेडरच्या मागच्या खिडकीला तोंड लावून ओरडत होते. तोंड लावून म्हणजे खरोखर लावून. काचेवर त्यांच्या मिशीचा छाप उठला होता, तो पुढं कितीतरी दिवस निघाला नाही. आत मागच्या सीटवर दुष्काळाची पाहणी करायला मुंबईहून आलेले साहेब बसले होते. त्यांनी चेअरमनसाहेबांकडं बघितलं, हसले आणि हात जोडले.

गाडीभोवती अख्खं गाव गोळा झालं होतं. बाया रिकामे हंडे बडवीत होत्या, माणसं "छावणी द्या, छावणी द्या" म्हणून बोंबलत होती, आणि गयाबाई नावाची एक म्हातारी आपली बैलजोडी घेऊन गाडीला आडवी उभी होती. आतल्या साहेबांनी एकेकाकडं वळून मान लववली. हंडेवाल्या बायांना तर त्यांनी दोन्ही हात उंच करून खास नमस्कार केला.

चेअरमनसाहेब माझ्याकडं वळले. उन्हानं लाल झाले होते का रागानं, सांगता येत नाही. बहुतेक निम्मे-निम्मे.

"चाँद्या! त्यो मानूस आपलं स्वागत चाललंय समजायलाय बे! त्याला काईच आयकू येईना!"

"न्हाई येणार साहेब," मी म्हणालो. "रबर नवीन हाय."

हे मी अभिमानानं म्हणालो होतो. त्यांनी ते तसं घेतलं नाही.

आता मी कोण आणि तिथं काय करत होतो, ते सांगायला पाहिजे. मी चाँदभाई काचवाले. बीडात बार्शी नाक्याजवळ लिंबाच्या झाडाखाली माझं दुकान होतं. दुकान म्हणजे झाड जास्त आणि दुकान कमी. संपादकांनी निरोप धाडला की धंद्यातली एखादी खरी हकीकत लिहून द्या. खरी म्हणजे किती खरी, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

माझं काम गाड्यांच्या काचांचं आणि काचांच्या रबरांचं. इंजिनाला मी आयुष्यात हात लावला नाही. इंजिनवाले मिस्त्री स्वतःला सर्जन समजतात, आणि आमच्याकडं बघून म्हणतात, "हा काय, खिडक्या पुसतो." म्हणोत. पण गाडीची काच कधी पत्र्याला टेकत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. काच आणि पत्रा यांच्या मधे रबर असतं. पुढच्या काचेला चहूबाजूंनी जाड रबराची चौकट असते. तिच्या एका खाचेत काच बसते आणि दुसऱ्या खाचेत पत्रा. दाराच्या कडेनं दुसरं रबर असतं, दार लागलं की दाबून बसणारं. आणि जी काच वरखाली होते तिच्या खाचेत मखमल लावलेलं रबर असतं, त्याला आम्ही फेल्ट म्हणतो. एवढ्या तीन रबरांवर गाडीतला माणूस माणसासारखा राहतो. ती गेली की तो रस्त्याचा एक भाग होतो.

रबर मरतं उन्हानं. आधी कडक होतं, मग त्याला चिरा पडतात, मग पापडासारखं तुटून हातात येतं. दुसरीकडं लोक रबर बदलतात पाऊस आत येतो म्हणून. आमच्या जिल्ह्यात तक्रार करण्याइतका पाऊस येतच नाही. आमच्याकडं धूळ येते. एका मास्तरांच्या गाडीच्या काचेखालचं रबर मी काढलं, तर आत इतकी माती साठलेली की त्यात हरभरा उगवला होता. मास्तर म्हणाले, "घाटे भरू दे, मग बदलू." आष्टीहून पालीला निघालेला एक नवरदेव तर असल्याच गाडीतून लग्नाला गेला. उतरला तेव्हा डोकं, भुवया, मिशी सगळं पांढरं. मुलीकडच्यांनी त्याला वरबाप समजून गळाभेट घेतली आणि "नवरदेव मागून येतायत का?" म्हणून विचारलं. दुसऱ्याच दिवशी ती गाडी माझ्या झाडाखाली.

पुढची काच बसवायची रीत सांगतो, कारण पुढं तिचं काम पडणार आहे. आधी काचेला रबर चढवायचं. रबराची जी खाच पत्र्यावर बसायची, तिच्यात चहूबाजूंनी नायलॉनची दोरी घालायची आणि दोरीची दोन्ही टोकं गाडीच्या आत सोडायची. रबराला साबणाचं पाणी चोपडायचं. मग एकानं बाहेरून काच तळव्यांनी दाबायची आणि दुसऱ्यानं आतून दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघत जाते तसा रबराचा ओठ पत्र्यावर चढत जातो. बघणाऱ्याला वाटतं जादू आहे. जादू साबणाच्या पाण्यात आहे. ते सुकलं की मागं काही राहत नाही, रबर पत्र्याला धरून बसतं. काढायची रीत याच्या उलटी. आतून रबराचा ओठ उचकटायचा, पाठीवर पडायचं, आणि दोन्ही पाय काचेला लावून दमदार रेटायचं.

काम जमलं का, ते मी पाण्यानं तपासत नसे. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरायची, दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सरकन निघाली तर रबर ढिलं. फाटली तर पास. वर्तमानपत्रात फोटो पुढाऱ्यांचेच असतात; माझ्या हातच्या दारांनी किती पुढारी अर्धे केले असतील, त्याचा हिशेब नाही.

असाच एक पूर्ण पुढारी त्या वर्षी माझ्याकडं आला. म्हणजे चेअरमनसाहेब. साखर कारखाना त्यांचा, म्हणजे सभासदांचा. दूध संघ त्यांचा, म्हणजे सभासदांचा. करडईची तेल गिरणीही तशीच. घरातली भांडीसुद्धा सभासदांची असावीत असं लोक म्हणायचे. पण त्या दुष्काळात सगळ्या संस्थांना सारखीच कळा आली होती. ऊस नाही म्हणून कारखान्याचं धुराडं गार. बिंदुसरा धरणात पालीची पोरं क्रिकेट खेळत होती. कपिलधारला लोक दर्शनाला जायचे आणि धबधबा कुठून पडायचा ते एकमेकांना बोटानं दाखवायचे.

सरकारनं जनावरांच्या छावण्या उघडल्या होत्या. छावणी म्हणजे माळावर मांडव घालून गावोगावची जनावरं एका जागी बांधायची आणि पाऊस पडेपर्यंत त्यांना चारापाणी द्यायचं. सगळीकडं झाल्या, फक्त आष्टीच्या अलीकडच्या त्या दहा-पाच गावांना मिळाली नाही. कारण असं की तिथं पाऊस मोजायचा सरकारी डबा आहे. आदल्या पावसाळ्यात एक ढग फिरत फिरत आला, बरोबर त्या डब्यावर थांबला, मोकळा झाला आणि निघून गेला. डबा भरला. रान कोरडं. सरकार म्हणालं, तुमच्याकडं पाऊस झालाय.

त्या गावांतली माणसं दिवाळीनंतर बैलगाडी जुंपून ऊसतोडीला जातात. बैल गेला की गाडी गेली, गाडी गेली की तोडीचा हंगाम गेला. आणि कडबा संपत आला होता. पुढच्या बाजाराला बैल न्यायचे, असं घराघरांत ठरलं होतं. खाटकाशिवाय गिऱ्हाईक नव्हतं. आता एकच आशा उरली होती. मुंबईचे साहेब स्वतः येऊन बघणार होते. त्यांच्या डोळ्यांना दिसलं तर छावणी, नाहीतर बाजार.

तेव्हा चेअरमनसाहेबांनी डोकं चालवलं. कुठूनतरी त्यांना कळलं की साहेबांना जुन्या गाड्यांचा शौक आहे. कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमधे त्यांच्या वडलांची अँबेसेडर पडून होती. ह्याच गाडीतून वडलांनी गावोगाव फिरून कारखाना उभा केला. शिवाय दुष्काळ दाखवायला चकचकीत नव्या जीपमधून साहेबाला फिरवणं बरं दिसत नाही. जुनी गाडी कशी, बघताच साधेपणा. त्यांचा ड्रायव्हर सोपान इंजिन चालू करून, गाडी हाकत माझ्याकडं घेऊन आला. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिला उठवायची सोपानची छाती झाली नव्हती.

"चाँदभाई, रबरं बघा," सोपान म्हणाला.

"कुठं हायेत?"

"तेच म्हनतोय. बघा कुठं हायेत का."

रबरं नव्हतीच. होती ती भुकटी. मी पुण्याच्या जुन्या बाजारातून नवीन रबरं मागवली. आली. सगळं मांडून बसलो आणि चेअरमनसाहेबांना म्हणालो, "एक बादली पाणी लागंल. साबणाचं."

ते इकडंतिकडं बघून माझ्या कानाशी आले. "चाँद, तुला येड लागलंय का? दुष्काळात माझी गाडी वली दिसली तर? समोर टँकरची रांग लागलीय. कुनी मोबाईलमधी फोटू काढला तर म्हनतील, चेअरमन गाडी धुतोय. माझी खुर्ची जायची."

"मग तांब्याभर द्या."

"थेंबभर न्हाई."

"पान्याबिगर रबर चढत नसतं साहेब."

"निसरडंच पायजे ना? थांब."

तासाभरानं त्यांच्या तेल गिरणीचा डबा आला. करडईचं तेल. अस्सल घाणीचं. त्या वर्षी पाण्यापेक्षा तेल मिळवणं सोपं होतं, यावरून दुष्काळ समजा.

मी हात जोडले. "साहेब, रबर तेल पितं. पिलं की फुगतं."

"फुगू दे की! फुगलं तर अजून गच्च बसंल."

"लई गच्च बसंल."

"तेच तर पायजे! साहेबाच्या अंगावर धुळीचा कन पडला न्हाई पायजे. आपली इज्जत हाय."

सोपान आतून दोरी ओढायला बसला, मी बाहेरून काच दाबली. खोटं कशाला बोलू, असलं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं. काच तेलावरून अशी सरकली की सोपान दोरीसकट मागच्या सीटवर, कोंबडीच्या शेजारी. बारकी रबरंही तेलातच बसवली. संध्याकाळी कागदाची पट्टी दारात धरली आणि ओढली. फाटली. चार पदरी केली, तीही फाटली. सोपाननं मग आपली खाकी टोपी अडकवून बघितली. ती टोपी अजून तशीच, अर्धी आहे.

पाहणीच्या दिवशी चेअरमनसाहेब म्हणाले, "तू हत्यारं घेऊन संगं चल. जुनी गाडी हाय." मी आणि ते पुढं जीपमधे. मागं अँबेसेडर, तिच्यात सोपान आणि मुंबईचे साहेब. साहेब माणूस मोठा सरळ. गाडी बघितली आणि चेहराच बदलला. "माझ्या वडलांकडे अशीच होती," म्हणाले आणि स्वतः दार उघडून बसले. दार मात्र त्यांना लागेना. सोपाननं बाहेरून कमरेचा धक्का दिला, मग मी दिला, मग चेअरमनसाहेबांनी अख्ख्या सहकार क्षेत्राचा जोर लावून दिला. खट्ट झालं. दार लागलं.

त्यानंतर आम्ही दोन तास उन्हातून चाललो होतो. उन्हात तापलेलं रबर आणि पोटात करडई. मी पुढच्या जीपमधे बसून मनात म्हणत होतो, फुगतंय. आता फुगतंय.

तर आपण गावात होतो. साहेब नमस्कार करत होते आणि गाव बोंबलत होतं.

सोपाननं आत काच खाली करायचं हँडल फिरवलं. फिरेना. जोर लावला. हँडल त्याच्या हातात आलं. त्यानं ते गुपचूप सीटखाली सरकवलं आणि साहेबांकडं बघून हसला. मग त्यानं आपलं दार ढकललं. मग खांद्यानं ढकललं. मग तो हसायचा थांबला.

मी बाहेरून मागचं दार ओढलं. मूठ खाली जात होती, दार जागचं हलत नव्हतं. चारी दारं बघितली. फुगलेल्या रबरानं चारी दारं अशी आवळली होती की गाडी एकाच पत्र्यातून कापून काढलीय असं वाटावं. काचा तर आपापल्या खाचांत सिमेंट ओतल्यासारख्या.

"उघड की बे!" चेअरमनसाहेब.

"उघडत न्हाई साहेब. रबर तेल पिलंय."

"कुनी पाजलं?"

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी जीपकडं बघितलं.

आत साहेबांनी एव्हाना कॉलरचं बटण काढलं होतं. मग दुसरं. मे महिना, बंद गाडी, वर पत्रा. त्यांचा चेहरा टोमॅटोच्या वळणावर चालला होता. नमस्कार थांबले होते. त्यांनी काचेवर टकटक केली आणि काहीतरी बोलले. आम्हाला नुसते ओठ दिसले.

गावातला एक गडी धोंडा घेऊन आला. "सरका. काच फोडतो."

"धोंडा खाली ठेव!" मी ओरडलो. "काचा सायबाच्या डोळ्यात जातील. मग छावनी न्हाई, फौजदार येईल."

गयाबाई पुढं आली. सत्तरीच्या पुढची, अंगानं काडी, पण आवाज असा की बिनारबराच्या गाडीला पुरला असता. "आवो काचवाले, त्यो मानूस शिजायलाय आत. करा ना काई! त्यो मेला तर माझी बैलं कोन बगनार?"

"पुढची काच काढावी लागंल," मी म्हणालो. "पन ती आतून निघती. त्यांनाच काढावी लागंल."

"मग सांगा त्यास्नी."

सांगा! हीच तर अडचण होती. आत आवाज जात नव्हता. आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम माझ्या समोर उभं होतं आणि मला त्याच्याशी बोलता येत नव्हतं.

मग जे केलं ते केलं. बॉनेटवर चढलो. तवा होता नुसता. पाठीवर पडलो, दोन्ही पाय वर केले आणि हवेत लाथा झाडायला लागलो. सोपानला बोटानं दाखवलं: आधी रबराचा ओठ उचकट, मग असं पड, मग असं रेट. साहेब काचेला नाक लावून बघत होते. मला पुढं कळलं, त्यांनी सोपानला विचारलं होतं, "यांना फीट आली आहे का?" गावातले लोक तर हंडे खाली ठेवून बघायला लागले. पोटात दुष्काळ होता तरी एक-दोन जण हसलेच.

सोपान मात्र समजला. दोरी त्यानंच ओढली होती. त्यानं खिशातून कंगवा काढला आणि कंगव्याच्या मुठीनं आतून रबराचा ओठ उचकटायला लागला. वरच्या कोपऱ्यापासून सुरू केलं. घाम टपटप गळतोय, केस डोळ्यांवर आलेत, ते सावरायला कंगवा मोकळा नाही. ओठ निम्म्यावर सुटल्यावर त्यानं साहेबांना पुढं यायला सांगितलं. साहेब मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर आले, म्हणजे कोसळले. बूट काढले. आणि दोघं, मुंबईचे साहेब आणि चेअरमनसाहेबांचा ड्रायव्हर, पुढच्या लांब सीटवर खांद्याला खांदा लावून पाठीवर पडले आणि चारी पाय काचेला लावले. साहेबांच्या एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. हे मी कुणाला सांगणार नव्हतो, पण आता निघालंच.

मी बॉनेटवर गुडघे टेकून काचेला हात लावले. "खाली कायतरी अंथरा!" म्हणून ओरडलो. गयाबाईनं डोक्यावरची गोधडी काढून बॉनेटवर टाकली. मी बोटानं एक, दोन दाखवलं. दोघांनी रेटलं. काच थरथरली. पुन्हा रेटलं. साहेबांच्या कपाळाची शीर उठली. तिसऱ्या रेट्याला फट्कन आवाज झाला, तोफ उडावी तसा. झाडावरचे कावळे उडून गेले, ते पार आष्टीत जाऊन बसले म्हणतात. काच रबरासकट माझ्या छातीवर, मी गोधडीवर. काचेला चरासुद्धा गेला नाही.

आतून गरम हवेचा लोट आला. त्याला करडईचा वास होता. त्याच्यामागं आत साहेब दिसले, केस कपाळाला चिकटलेले, बनियनपर्यंत भिजलेले. ते सोपानच्या खांद्याला धरून उठून बसले आणि नुसता श्वास घेत राहिले.

सगळं गाव चिडीचूप. इतका वेळ बोंबलत होते आणि आता ऐकणारा कान समोर आला तर कुणाला शब्द सुचेना. चेअरमनसाहेबांनी भाषणासाठी घसा साफ केला. गयाबाईनं त्यांना हातानंच बाजूला सारलं आणि काच नसलेल्या चौकटीपाशी गेली.

"आता आयकू येतंय का?"

"येतंय," साहेब म्हणाले.

"मग आयका. पाऊस तुमच्या डब्यात पडला. माझ्या बैलांनी डब्यात चरावं का?"

साहेब तिच्या बैलांकडं बघत राहिले. बरगड्या मोजायला गणित लागत नव्हतं. एकाच्या कातड्यावरून हात फिरवला तर हात त्याच्या हाडाहाडावर अडखळला असता. मग साहेबांनी विचारलं, "बाजार कधी आहे?"

"बुधवारी."

"थांबा बुधवारपर्यंत," ते म्हणाले.

चेअरमनसाहेब झटकन पुढं झाले. "साहेब, तुमी आता जीपमधी चला. गारवा हाय तिथं. ह्या चाँद्याला मी बघतो."

साहेब सोपानकडं वळले. "गाडी चालते ना?"

"चालती साहेब. फकस्त काच न्हाई."

"मग याच गाडीतून जाऊ. पुढची गावं बघायचीत."

दारं उघडत नव्हती ती नव्हतीच. साहेब आत होतेच, तसेच पुढच्या सीटवर बसून राहिले. आणि इथं चेअरमनसाहेब पुढारी का झाले ते मला कळलं. त्यांनी एका क्षणात राग गिळला आणि जीपच्या ड्रायव्हरला हळूच म्हणाले, "फुडं राहा. आनि जवळ राहा."

जीप पुढं, तिची सगळी धूळ मागं, आणि मागं बिनाकाचेची अँबेसेडर. पुढच्या गावात पोचलो तेव्हा साहेब आणि सोपान यांच्यात ओळखू येईल असा फरक राहिला नव्हता. त्याच्या पुढच्या गावात लोकांनी सोपानलाच हार घातला. तिसऱ्या गावात साहेबांनी तोंड उघडलं तेव्हा आधी माती पडली, मग शब्द. पण प्रत्येक गावात ते ऐकत होते. मधे काहीच नव्हतं ना.

बुधवारच्या आत छावणी मंजूर झाली.

चेअरमनसाहेब त्यानंतर वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. गावोगावच्या सभांत मात्र सांगायचे, "मी साहेबांना मुद्दाम काच काढलेल्या गाडीतून फिरवलं." मी कधी त्यांना खोडलं नाही. पण एवढं सांगतो, त्या दिवशी काच निघेपर्यंत गाडीत धुळीचा एक कण गेला नव्हता. हवं तर सोपानला विचारा. तो आता कारखान्याच्या फाटकाजवळ चहाची टपरी चालवतो.

आता माझं झाड आहे, दुकान नाही. नव्या गाड्यांच्या पुढच्या काचेला रबर नसतंच. काच सरळ पत्र्याला चिकटवतात, नळीतून काळा गोंद पिळतात आणि झालं. दोरी नाही, ओढणारा नाही. आतला माणूस अडकला तर पाय कुठं लावणार, हे कुणी विचारत नाही. हात सवयीनं अजून दाराच्या कडेवरून फिरतो. लग्नाकार्याला गेलो की पाहुण्यांच्या गाड्यांची रबरं दाबून बघतो. एकदा चोर समजून धरलं होतं मला, पण ती हकीकत वेगळी.

छावणी सुरू झाल्यावर मी मुद्दाम आष्टीकडं गेलो. कुणाला सांगितलं नाही, पण मनात होतं की आपल्या कामाचं फळ बघावं. माळभर मांडव पसरलेले. उसाच्या मोळ्या उतरत होत्या. कारखान्यात जायचा ऊस तो, दुरून आणून जनावरांना घालत होते. गयाबाई दोन बैलांच्या मधे बसून कोयत्यानं उसाची बारीक कुट्टी करत होती. बैलांच्या पाठीला जराशी चमक आली होती.

मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. रबर कुठून आणलं, तेल कसं पिलं, बॉनेटवर पाय कसे झाडले, काच कशी तोफेसारखी सुटली. साहेबांच्या मोज्याचं भोकही सांगितलं. थोडं वाढवूनच सांगितलं असेल. शेवटी म्हणालो, "गयाबाई, खरं बघायला गेलं तर ही अख्खी छावनी माझ्या एका रबरावर उभी हाय."

तिनं कोयता थांबवला. वर बघितलं.

"आसंल," ती म्हणाली. "जरा सरका. उसावर उभे हाईत तुमी."